वाघोबाचं तोंड

बाबा, तुम्हाला राग येणार हे ठाऊक असूनच लिहायला बसले आहे. वाघोबाच्या धोंड्याचं तोंड मी फिरवलं. बाईमाणसाने, पारोशा अंगाने, पहार घालून. का फिरवलं तेही ऐका, कारण जिवंतपणी तुम्ही माझं हे बोलणं एकदाही पुरतं ऐकून घेतलं नाहीत.

तुमचं ते गाणं गावात अजून आहे. ‘चांद-सूर्य साक्षीला, वाघ बघे ज्या वाटेला, सात रांजण त्या पोटाला.’ धोंड्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, म्हणजे कुणा राजाने सोनं पुरून ठेवलेली खूणच ती, असं तुम्ही जन्मभर सांगत राहिलात. त्यापायी वरचं खाचर खणून काढलंत. खाचराचा तळ फुटला आणि तेव्हापासून त्यात पाणी म्हणून उभं राहत नाही. भात गेला, आता तिथे नुसते वाल होतात. आई त्या वालांचं बिरडं करायची आणि चुलीजवळ बसून तुमच्या ताटात वाढताना म्हणायची, “घ्या, रांजणातलं सोनं.” मी फिस्सकन हसायचे आणि तुम्ही माझ्याकडे असे बघायचात की मी मान खाली घालून जेवायला लागायचे.

पण मला खरी आठवते ती दिवाळीच्या तोंडावरची एक वाघबारस, वाघोबाच्या पूजेचा दिवस. मी लहान, हातात नारळ. आपल्याकडची रीत अशी की वाघोबाची पाठ गावाला आणि तोंड रानाला, म्हणजे वाघ तिकडेच राहतो. त्या वर्षी एका अंगाचं रान तुटलं होतं, म्हणून धोंडा वळवायचं ठरलं. तुम्ही पहार घालता, धोंडा करकरत वळतो, तुम्ही शेंदूर लावता, सगळे हात जोडतात. दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि एका सकाळी तुम्ही कुदळ घेऊन वरच्या खाचरात उतरलात. वाघ आता तिकडे बघतो म्हणे! मी बांधावरून विचारलं, “बाबा, पण त्याचं तोंड तर तुमीच फिरवलंत ना?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “गप गो. तोंड देव फिरवतो. आपला नुसता हात लागतो.” या वाक्यापुढे मी आयुष्यभर गप्प बसले. पटलं म्हणून नाही. त्याला उत्तर सुचत नव्हतं म्हणून.

तुमच्यामागे रान आणखी मागे हटलं. मध्यंतरी दादाने धोंडा पुन्हा वळवला आणि वाघोबाची नजर आली खालच्या खाचरावर. भाताचं तेवढंच एक उरलंय. यंदा दादा वाशिंदहून एका माणसाला घेऊन आला. त्याच्याकडे जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आहे, आणि तो चंद्र-सूर्याला ‘कोड’ म्हणतो. जेसीबीसुद्धा सांगून ठेवला होता. वहिनीने रडत फोन केला, तशी मी शहापूरहून मिळेल ती एसटी पकडून आले. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, बाबा.

मारुतीच्या देवळात सगळे बसले होते. मी म्हटलं, हेच गाणं आत्याच्या गावाला, म्हशालाही म्हणतात, फक्त तिथे रांजणाऐवजी हंडे आहेत, आणि त्यांचा धोंडा निराळा. चंद्र-सूर्य तर जुन्या दानाच्या दगडांवरही कोरलेले असतात, ते आहेत तोवर हे राहो एवढाच त्याचा अर्थ. वाशिंदवाला हसला. “ताई, सगळ्यांना समजला तर तो कोड कसला?” मग मी वळवण्याची गोष्ट काढली. आपणच फिरवतो आणि आपणच तो बघतो तिथे खणतो, हे कसं? तेवढ्यात तुमचे दोस्त, शेजारचे काका, अगदी तुमच्या आवाजात म्हणाले, “पोरी, तोंड देव फिरवतो. आपला नुसता हात लागतो.”

माझ्या अंगाची लाही झाली. म्हटलं, “मंग उद्या माझा लागू दे हात.”

सकाळी मी आणि वहिनीने धोंडा वळवला. आता वाघोबा बघतो ते थेट काकांच्या नव्या ओटीकडे, जिथे त्यांनी गुळगुळीत फरशी बसवली आहे. जेसीबीवाल्याला मी तिकडेच बोट दाखवलं. काका धावत आले. “ह्यं खरं नाय! ह्यं तू फिरवलंस!”

“आणि आधीचं कुणी फिरवलं होतं, काका?”

वाशिंदवाला मोबाइलमध्ये बघत बसला. जेसीबी आला तसा गेला. दादा अजून माझ्याशी धड बोलत नाही, पण परवा त्यानेच खालच्या खाचराचा बांध लिंपला. दोन पिढ्यांचा तुमचा खजिना मी एका सकाळी खोटा पाडला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. तुम्ही समोर असतात तर तुमच्याही तोंडावर म्हटलं असतं.

हा कागद पोस्टात टाकायचा नाहीच, म्हणून एक सांगते. धोंडा कलला तेव्हा खालची माती ओली, काळीभोर दिसली. वहिनी पहार दाबून उभी होती आणि मी कोपरापर्यंत हात आत घातला. चांगलं चाचपून पाहिलं. ती म्हणाली, “काय शोधतेस गो?” मी म्हटलं, “काय नाय, धोंडा नीट बसाया माती मोकळी करते.”

काकांना यातलं काही कळता कामा नये.