उजव्या कॉलमातली रिकामी जागा

२९ मार्च १९७१, सोमवार
इलेक्शनची कामं संपली. प्रेसमध्ये शांतता. जुना फोरमन गेल्यापासून मालक राधाकृष्णशेठ त्याची खुर्ची रिकामी ठेवून बसलेत. आज म्हणाले, जत्रेच्या कुस्त्यांचं हँडबिल येतंय, मोठा तक्ता आहे, नीट लावलात तर फोरमन तुम्ही, नाहीतर जालिंदर. जालिंदर! अक्षरांचे खिळे कमी जुळवतो, पानाच्या पिंकाच जास्त टाकतो. म्हणजे निकाल लागल्यातच जमा. घरी सांगून टाकलं, झालो म्हणून. सासऱ्यांना कार्डही टाकलं.

३१ मार्च
जत्रा कमिटीचे आबासाहेब सुप्याकडून आले. डावीकडं पैलवान, उजवीकडं त्याचा जोड, म्हणजे ज्याच्याशी कुस्ती तो. म्हणाले, नावं लई हायेत, पर समदी बसवा. हँडबिलं गावोगाव जायचीत. छापलंय त्याच जोडीनं कुस्ती व्हनार.
पैलवान म्हणजे काय? पोटात खुराक, डोक्यात भुसा. त्यात आमचे मेहुणे छगनराव. विमलनं सकाळीच बजावलं होतं, दादाचं नाव एका वळीत घ्या बरं का, तालमीसकट. बघू.

१ एप्रिल
दोन्ही कॉलम सारख्या रुंदीचे धरले. तक्त्याची शोभा सारखेपणात असते. 'छगन कोंडीराम गाडीलकर, भैरवनाथ तालीम' काही मावेना. मालक कागद आणायला पुण्याला निघता निघता म्हणाले, डावा कॉलम रुंद करा. यांना कागद कळतो, तक्ता कळत नाही. जालिंदरही तेच म्हणाला, म्हणजे नक्कीच चूक. मधली पितळी पट्टी काडीभरही हलवणार नाही. मेहुण्यासाठी तर नाहीच नाही. नाव तोडून दोन ओळींत टाकलं. तालीम खाली. विमलला सांगायची गरज नाही.

३ एप्रिल, संध्याकाळ
तक्ता झाला. देखणा. एकच भानगड. उजव्या कॉलमात तळाशी एक जागा रिकामी. डावीकडं शेवटचा अकोल्याचा भीमा पैलवान, समोर कोणीच नाही. आबासाहेबांनीच एक जोड कमी दिला असणार. कमिटी कसली, आंधळं दळतंय! फर्म्यात, म्हणजे खिळ्यांच्या चौकटीत, पोकळी राहिली की खिळे हलतात, हे शेंबडं पोरही सांगेल. जागा भरायलाच हवी. माझ्याच नावानं भरली: 'फोरमन रंगनाथ बोठे, नगर'. नावाआधी 'जुळणी' लिहायचं होतं, मावलं नाही. काम बोलतं.

५ एप्रिल
प्रूफ काढलं. जालिंदर नागापूरला कुठल्याशा कारखान्यात अर्ज घेऊन गेलाय. पीडा टळली. मीच वाचलं. डावा कॉलम वरून खालपर्यंत, बरोबर. उजवा वरून खालपर्यंत, बरोबर. एक चूक सापडेल तर शपथ. मशीनवर चढवलं.

८ एप्रिल
हँडबिलं गेली. आज आबासाहेबांचा माणूस निरोप घेऊन आला. रविवारी वक्ताला हजर ऱ्हावा, मानसं तुमालाच बघाया येनारेत. मग मला वरखाली न्याहाळत म्हणाला, तुमीच का ते फोरमन? दिसत न्हाई वं तसं. खेडूतांना माणसाची पारख नाही. फेटा आणि नारळ नक्की. टेरिलीनचा शर्ट इस्त्रीला दिला.

११ एप्रिल, जत्रेहून परत आल्यावर
थोडक्यात लिहितो. छगनला दोन जोड मिळाले होते, एक त्याला नि एक त्याच्या तालमीला. त्याच्या खाली प्रत्येकाला भलताच. पैलवान आबासाहेबांच्या अंगावर जात होते आणि ते एकच सांगत होते, छापलंय तसंच व्हईल. तरी मला वाटलं, कमिटीचा घोळ.

शेवटी हलगी वाजली, माझं नाव पुकारलं. फेट्यासाठी उठलो. लोक ओरडले, बूट काढ. काढले. समोर भीमा. त्यानं माझ्या खांद्याला माती लावली. मी नमस्कार केला. त्यानं शड्डू ठोकला.

तेव्हा कळलं. आबासाहेबांना म्हणालो, अहो, मी खिळे जुळवतो. ते म्हणाले, आमाला वाटलं नागापूरच्या कारखान्याचा गडी हाय. आता मानसं सोडत्यात व्हय? भीमालाही संकोच वाटला असावा. त्यानं मला उचललं आणि पाण्याची घागर ठेवावी तसं हळूच उताणं ठेवलं. सगळा फड हसला. छगन हसला नाही. आत आला, माझ्या शर्टाची माती झटकली आणि म्हणाला, दाजी, लागलं तर न्हाई ना? तो हसला असता तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

१३ एप्रिल
जालिंदरला कारखान्यानं घेतलं नाही. मालकांनी त्यालाच फोरमन केलं.
साप्ताहिकासाठी जत्रेचा निकाल आला. तक्ताच. विजयी, पराभूत. जालिंदरनं मलाच दिला. शेवटची ओळ गाळू का, विचारलं. म्हणाला, झालेली कुस्ती कशी गाळायची?
पराभूतच्या कॉलमात स्वतःचं नाव जुळवलं. 'फोरमन' काढला. नाव सहज मावलं.