धनुष्यातली हळद

आबा, आज सकाळी तुमच्या शेडचे जुने पत्रे काढले, तवा आढ्याला गोणपाटात बांधलेलं ते तुटकं धनुष्य खाली आलं. नवे पत्रे टाकायचे म्हणून मी जिंतूरहून कालच आले होते. धाकट्या भावानं गाठोडं उघडून बी बघितलं न्हाई, माझ्या हातात दिलं अन् पत्रेवाल्याला आणायला पाथरीला गेला. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी सोडली, तर बांबू एकीकडं अन् धामणीच्या लाकडाची पट्टी एकीकडं, आपोआप वेगळ्या झाल्या. आतल्या अंगाला, मुठीच्या वर, एक डाग. माझ्या बोटाएवढा. मधे पिवळा, कडेनं लालसर. अन् त्याच्याभोवती तुमच्या पेन्सिलीचं वर्तुळ. लाकडात गाठ दिसली, कीड दिसली की तुमी करायचात तसंच. आबा, मी तिथंच खाली बसले. तोंडातून "अगं बाई" एवढंच निघालं.

म्हणजे तुमाला माहीत होतं. मरेपर्यंत माहीत होतं.

ते वर्ष मला लख्ख आठवतं. धाकटा कॉलेजात तिरंदाजी शिकत होता अन् विकतचं धनुष्य आपल्या आवाक्यातलं नव्हतं. तुमी म्हणालात, "मी करून देतो की. पण धनुष्य म्हंजे काय खाट हाय का, ठोकली की झाली? त्येचा सगळा जीव गमात असतो." मग दोन महिने तुमी नुसता गम निवडत होतात. आई गेल्यापासून तुमी कशात एवढे रमलेले मी बघितले नव्हते. सरस उकळून लावलेला तुकडा तुमी रांजणाखाली ओलीत ठेवला, चार दिवसात सुटला. पांढरा गम धरायचा चांगला, पण पट्ट्या वाकवून ठेवल्या अन् उन्हात पत्र्यावर टाकल्या की हळूहळू एकमेकीवरून सरकायच्या. शेवटी तो दोन डब्यांचा आणलात, एकात गम, एकात हार्डनर. वाळला की तुमी पटाशीनं जोड फोडायचात अन् चष्मा कपाळावर सरकवून बघायचात. लाकूड फाटलं तर गम पास, गम सुटला तर गम नापास. दोन डब्यांच्या गमानं लाकूड फाडलं, त्या दिवशी तुमी स्वतःहून मला पेढे आणायला पिटाळलंत. पण त्या हार्डनरनं तुमच्या हातावर पुरळ उठलं, म्हणून लावायचं काम माझ्याकडं आलं. तुमी समोर बसून सांगायचात. दोन्ही समान घे. पातळ लाव, भाकरीला तूप लावल्यावानी. ट्यूब लय आवळू नको, सगळा गम बाहेर आला तर आत काय राहील, उपास?

नेमकी खंडेनवमी आली. धनुष्याच्या दोन्ही पट्ट्या तुमी खरवडून, झाडून गोणपाटावर ठेवल्या होत्या, दुपारी उन्हात गम लावायचा होता. तुमी झेंडू आणायला गेलात. आई होती तवा हत्यारांची पूजा ती करायची, आता मी. करवत, रंधा, वाकस, पटाश्या सगळ्यांना करडईच्या तेलाचं फडकं फिरवलं, हळदीकुंकू लावलं. त्या पट्ट्या शेजारी कोरड्या-भुरक्या पडलेल्या. मला वाटलं, ह्यांनीच काय पाप केलंय, ह्यांनी तर माझ्या भावाच्या हातात जायचंय. त्यांच्यावरून बी फडकं फिरवलं, बोट टेकवलं. तेवढ्यात फाटक वाजलं. मी घाबरून ओढणीनं हळद पुसली. पुसली म्हणजे गेली, असं मला वाटलं. खरं तर वाटून घेतलं. लाकूड पाणी पितं तसं तेल बी पितं, अन् तेलावर गम धरत न्हाई, सुताराच्या पोरीला हे काय कुणी सांगायला लागतं का? दुपारी तुमी समोर बसलेले असताना मी त्याच्यावरच गम फासला. घाईघाईनं, तुमाला डाग दिसू नये म्हणून जरा जाडच.

धनुष्य झालं लय देखणं. धाकट्यानं ते पंधरा-वीस दिवस वापरलं. मग एक दिवस पूर्ण ताणलेलं असताना वरची पट्टी सुटली अन् त्याच्या डाव्या डोळ्यावर आली. तो पोलीस भरतीची तयारी करत होता, आबा. रोज पहाटे देवगाव फाट्याकडं पळायला जायचा. परभणीच्या दवाखान्यात डोळ्यावर पट्टी घेऊन तो सगळ्यांसमोर ओरडला, "कसले सुतार तुमी! साधा गम कळंना तुमाला? स्वस्तातला आणला अन् माझा जलम घालवला!" तुमी मान खाली घालून म्हणालात, "व्हय बाबा, गम माझाच चुकला."

तवा तुमाला तसं खरंच वाटत असंल. पण घरी आल्यावर तुमी शेडचं दार लावून घेतलंत. संध्याकाळी बाहेर आलात, माझ्याकडं बघितलंत, लय वेळ बघितलंत, अन् म्हणालात, "चहा टाक." मी म्हणलं बिचारे खचले. आज कळलं की तुमी आत जोड उघडून वर्तुळ काढून आला होतात. त्या दिवसांत माझ्या लग्नाचं बोलणं जिंतूरला चाललं होतं. म्हणून गप्प बसलात का? की आईविना पोर म्हणून? एकदा थोबाडीत तर मारायची होती मला! गावानं तुमाला आंधळा सुतार म्हणलं, पोरानं बारा वर्षं एका घरात राहून तुमच्याशी शब्द काढला न्हाई, अन् तुमी त्याच हातानं माझ्या रुखवताचा पाट घडवलात. तुमाला अग्नी देताना बी त्याच्या डोळ्याला पाणी आलं न्हाई. मी त्याला म्हणलं होतं, "असू दे रे, म्हाताऱ्या माणसाची चूक झाली." मी म्हणलं होतं, आबा. ह्या तोंडानं.

आज दुपारी तो पाथरीहून आला. घामाघूम झालेला. "अक्का, अंघोळीला पाणी तापव," म्हणाला. अन् जाता जाता, "त्या गाठोड्यात काय निघालं?"

"काही न्हाई. जुनं लाकूड."

मी बंब पेटवला. अन् मग काय झालं मला सांगता येत न्हाई, हातच तसे चालले. आधी बांबूची पट्टी घातली, मग धामणीची, वर्तुळासकट. गमानं काळा धूर काढला, डोळे झोंबले. ते पार जळून गेलं. हे काय करून बसले मी! तुमची एवढी एकच साक्ष होती.

तो अंघोळ करून बाहेर आला तवा मी अंगणातच उभी होते. सगळं सांगितलं. तेल, हळद, ओढणी, वर्तुळ, सगळं. रडत रडत. तो टॉवेल खांद्यावर टाकून ऐकत राहिला, त्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघत. मग म्हणाला, "दाखव."

"जाळलं रे."

तो हसला. लय वर्षांनी मी त्याला असं हळू हसताना बघितलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "अक्का, तुला आबाची माया हाय, मला माहीत हाय. पण मेलेल्या माणसाला धुवायला सोत्याच्या अंगावर चिखल कशाला घेतीस? त्येनी सोता कबूल केलं होतं. आता रडू नको, चल, दोघं जेवू."

मी शपथ घ्यायला पाहिजे होती. त्याचा हात धरून बसवायला पाहिजे होतं, पुन्हा पहिल्यापासून सांगायला पाहिजे होतं. हा लिहितेय तो कागद नुसता त्याच्या पुढ्यात ठेवला तरी तो मानंल. पण मी ताटं घेतली, आबा. आमी जेवलो. त्यानं मला स्वतःच्या ताटातली भाकरी दिली. अन् खरं सांगते, त्यानं माझं सगळं खोटं मानलं तवा मला बरं वाटलं.