तीन वाजताचा आकडा

३ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, धाकटीला एक पापा. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रागावला असशील. रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच.

इकडे पावसाने महिनाभर पिच्छा सोडला नाही. सरासरीच्या पावणेदोनपट झाला. वरचं धरण पूर्ण भरलंय, मधलं सत्त्याण्णव टक्के, आणि गेल्या उन्हाळ्यात तळ दाखवत होतं ते खालचंसुद्धा सांडव्यावरून वाहतंय. नदीतून नेहमीच्या दुप्पट पाणी गेलं. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण मासिक अहवाल मीच तयार करते. ऑफिसच्या भिंतींना ओल आलीय, कागद इतके मऊ पडलेत की शिक्का मारला की शाई फुटते. मी बरी आहे. बाबा बारा दिवसांपासून माझ्याकडे आहेत. जेवतात, झोपतात, बोलत मात्र नाहीत. तुझा नि त्यांचा अबोला सहा वर्षांचा. हा वेगळा आहे.

पुलाखालच्या गल्लीत पाणी शिरल्याचं पेपरात वाचलं असशील. एक बाई बुडून गेली असंही आलं होतं. नाव छापलं नव्हतं.

दादा, ती आपली सुईकाकू.

आई गेल्यावर आपल्या शाळेच्या कपड्यांना तिनेच बटणं लावली. “सरळ उभा राहा, नाहीतर कानालाच टाका घालीन,” असं तुला दर वेळी म्हणायची आणि तू दर वेळी कान झाकायचास. दोन दिवस झाले मला तेवढंच आठवतंय.

आता बाकीचं. हे लिहायला घेऊन तीन कागद फाडले.

निवृत्तीनंतरही बाबांनी नदीचं काम मागून घेतलं होतं, ते तुला माहीत आहे. पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी दिवसातून तीनदा वाचायची आणि आकडा फोनवर मला सांगायचा. पाच मीटर झाले की आम्ही गल्लीतला भोंगा वाजवायला लावतो. साहेब म्हणायचे, तुझ्या वडिलांचा आकडा तपासावा लागत नाही.

बाबांना दोन वर्षं ती पट्टी दिसत नव्हती. मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, “मी डोळे बांधून बसलो की काम दुसऱ्याला देतील.” मग काकू तिच्या खिडकीतून पट्टी वाचायची, ओरडून सांगायची आणि बाबा वहीत लिहायचे. मला सगळं ठाऊक होतं. मीच तिला म्हटलं होतं, “काकू, डिसेंबरपर्यंत सांभाळून घे, मग या कामातून सुटतील ते.” ती हसली. “सुटतात कसले! पट्टी गेली की माझे टाके मोजत बसतील.”

बावीस तारखेला काकूला ताप होता. सकाळी कशीबशी उठून तिने आकडा सांगितला, तीन मीटर चाळीस. दुपारी खिडकी बंद. तीन वाजता बाबांचा फोन आला. “चार दहा.”

नदीच्या वरच्या मोजणी केंद्रावर दोन तासांत दीड मीटर पाणी चढलं होतं. तो कागद माझ्या समोर होता. मी हळूच विचारलं, “बाबा, काकू आहे ना खिडकीत?”

“ताप आहे तिला. झोपू दे. आवाजावरून कळतंय मला. चाळीस वर्षं ऐकतोय ही नदी.”

साहेब माझ्या टेबलाशी उभे होते. “किती?” त्यांनी विचारलं.

दादा, तोंडातून एवढंच निघायला हवं होतं की थांबा, कुणालातरी पुलावर पाठवा. मी म्हणाले, “चार दहा.” आणि लिहिलं.

त्याच वेळी पुलावरून कुणीतरी काढलेला फोटो आता चौकशीत आलाय. त्यात पाच वीस स्पष्ट दिसतात. साडेचारला पाणी गल्लीत शिरलं. जे जागे होते ते निघाले. काकू गोळी घेऊन झोपली होती. लोक सांगतात, बाबा पुलाच्या कठड्याला धरून तिला हाका मारत होते, आणि त्यांचं तोंड भलत्याच खिडकीकडे होतं.

साहेब भले आहेत. म्हणाले, “पट्टीवर गाळ बसला होता असं लिहू. म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास?” मी मान डोलावली होती. घरी येऊन नीट जेवलेही.

परवा काकूची बहीण शिलाई मशीन न्यायला आली. मीही हात लावला. चिखल पुसता पुसता ती म्हणाली, “ताई तर अंथरुणात होती. मग दुपारी पट्टी वाचली कोणी?” म्हणजे पट्टी आपणच वाचतो हे काकूने तिला सांगितलं होतं. तिचा आवाज चढला नव्हता, फक्त माझ्याकडे बघत होती. मी फडकं पिळत राहिले.

आज मी लेखी जबाब दिला. साहेब म्हणाले, “नोकरी जाईल, कळतंय ना?” संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “माझं नाव आहे त्यात?”

“आहे. माझं आधी आहे.”

“वाच.”

मी वाचला. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. “आवाजावरून, असं नको लिहूस. अंदाजाने लिही. मी अंदाज केला.” मग भिंतीकडे वळून झोपले. बारा दिवसांत एवढंच बोलले.

उद्या काकूच्या बहिणीकडे जाणार आहे. ती दार उघडेल की नाही, माहीत नाही.

एक काम आहे. मागच्या वर्षी तू सरळ विचारलं होतंस, बाबांना दिसतं का? राग बाजूला ठेवून विचारलं होतंस. मी उत्तर पाठवलं, डोळे ठणठणीत आहेत, लांबची पाटीसुद्धा वाचतात. ते पत्र तू ठेवलं असशील. तू सगळी ठेवतोस. ते मला पाठव. जबाबाला जोडायचंय, म्हणजे उद्या कुणी दया दाखवून मला काहीच माहीत नव्हतं असं लिहायला नको.

यायचं की नाही ते तू ठरव. बाबांनी तुझं नाव काढलेलं नाही, हेही खरंच सांगते.

त्या पत्राखाली जिची सही आहे, तीच
तुझी बहीण