चांगल्या डोळ्याची बाजू

राखेचा बुधवार

प्रिय ठकीस,

वहिनीचे आशीर्वाद आणि प्रभूच्या नावाने सलाम. तुझा खोकला थांबला का? औषधाच्या दुकानात उभं राहायचं आणि स्वतः खोकत बसायचं, गिऱ्हाइकांनी काय समजावं?

दादा बरे आहेत असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. आज उपवासकाळ सुरू झाला, कपाळाला राख लावून घेतली आणि म्हटलं, आता तरी खरं लिहावं. त्यांना काचबिंदू झाला आहे. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजवा वाचेल, पण ऑपरेशन लवकर करायला हवं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलं. हे मात्र ढिम्म हलत नाहीत. दाराच्या चौकटीवर आपटतात, सुईत दोरा मी ओवून देते, आणि रफूचं काम तरीही घेतच राहतात. परवा एका कोटाची बाही कॉलरपाशी शिवायला निघाले होते.

डोळ्यांत घालायचे थेंब आणले, तर बाटली आहे तशीच भरलेली. विचारलं तेव्हा म्हणाले की राहू दे, देवाने ठकीच्या वेळेलाच हे करायला हवं होतं, उशीर झाला इतकंच. हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका निवांत होता की मला तो बघवला नाही. दर उपवासकाळात हे एक वेळ जेवतात, जमिनीवर निजतात, ते मी चालवून घेतलं. पण आंधळं होण्याचा उपास मी कुठे ऐकला नाही.

माझं ते ऐकत नाहीत. तू लिही. मी कळवलं हे सांगू नकोस. आहे तशी माया राहू दे.

तुझी,
वहिनी

---

उपवासकाळाचा पहिला रविवार

ति. दादास,

ठकीचा साष्टांग नमस्कार. वहिनीने मला सगळं कळवलं आहे. कळवल्याचं सांगू नकोस म्हणाली होती, पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला एव्हाना कळायला हवं. तिच्यावर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे.

आता मुद्द्याचं. बाबांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये तू हातोडी घेतलीस, फळी मला धरायला दिलीस, खिळा उडाला आणि माझा डोळा गेला. तू दहा वर्षांचा होतास. मी सहा वर्षांची होते, आणि फळी धरायचा हट्ट मीच केला होता, हे तू दर वेळी सोयीस्कर विसरतोस. तुला मी केव्हाच माफ केलं. आईने केलं, बाबांनी केलं. फादरांपुढे तू किती वेळा कबुली दिलीस त्याला गणती नाही, आणि दर वेळी त्यांनी तुला क्षमा झाल्याचं सांगून घरी पाठवलं. मग राहिलं कोण? येशूने वधस्तंभावर जे सोसलं ते कमी पडलं, म्हणून तू तुझ्या डोळ्याची भर घालतो आहेस का? देवाला एवढी नड असेल असं मला वाटत नाही.

तुझ्या दुकानात गिऱ्हाईक रफू केलेला कोट उजेडात धरतं, भोक सापडत नाही, खूश होऊन निघून जातं. तू मात्र त्याच्या मागे रस्त्यावर धावतोस आणि म्हणतोस, अहो थांबा, भोक इथे होतं.

ऑपरेशनची तारीख घे आणि मला कळव. लोभ आहेच, तो वाढव असं मी म्हणणार नाही, आधी डोळे सांभाळ.

तुझी,
ठकी

---

उपवासकाळाचा दुसरा शुक्रवार

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझं अक्षर मोठं असतं, ते बरं पडतं.

तुझं म्हणणं मला पटत नाही असं नाही. चर्चमध्ये सर्वांच्या पापांची क्षमा झाली असं म्हणतात तेव्हा मी मोठ्याने आमेन म्हणतो. शेजारच्यासाठी म्हणतो, तुझ्या वहिनीसाठी म्हणतो. स्वतःसाठी म्हणवत नाही. माफ करणं हा तुझा मोठेपणा झाला. ती माफी घ्यायची आहे मला, आणि मला ती घेववत नाही. एखाद्याच्या घरची वस्तू फोडावी आणि त्यानेच वर चहा पाजावा, तसं होतं मला.

फादर म्हणाले की कृपा फुकट असते, म्हणूनच माणसाला ती घेणं जड जातं. बरोबर असेल. मी जन्मभर काम करून खाल्लं आहे.

तुझं लग्न राहिलं, तेही माझ्यामुळे. हे कधी कोणी बोललं नाही, पण मला कळतं. आता माझे डोळे जात आहेत तर मला हलकं वाटतं. ऑपरेशनचं नाव काढू नकोस. खोकल्याकडे बघ.

तुझा,
दादा

---

उपवासकाळाचा तिसरा सोमवार

ति. दादास,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून दुकानात एका बाईला पोटदुखीच्या औषधाऐवजी पायाला लावायचं मलम दिलं. नशीब ती परत आली.

माझं लग्न डोळ्यामुळे मोडलं नाही, जिभेमुळे मोडलं. मुलाच्या आईला मी काय बोलले ते वहिनीला विचार, तिने माझा हात ओढला होता.

पण आता एक खरं सांगते, कारण तुला गोड बोललेलं लागू पडत नाही. डोळा गेल्याचं मला दुःख आहे. जिन्याची शेवटची पायरी अजून चुकते. पेल्यात पाणी ओतताना अंदाज चुकतो आणि मी एकटी असले तर रडते. तुला माफ केलं म्हणजे काही झालंच नाही, असं मी कधीच म्हटलं नव्हतं. झालं ते वाईटच झालं. ते तसं असूनही माफ केलं, आणि ते मला सोपं गेलं नाही. मी इतक्या कष्टाने दिलेली गोष्ट तू दारातच ठेवून दिलीस, याचा मला डोळ्यापेक्षा जास्त त्रास होतो.

आणि आणखी एक. लहानपणापासून तू माझ्या डाव्या बाजूने चालतोस, मला दिसत नाही त्या बाजूने. लोक म्हणायचे, भाऊ किती जपतो, गाड्यांच्या बाजूने स्वतः चालतो. मीही तसंच सांगायची. पण चर्चच्या बाकावर तू डावीकडे, जेवायच्या टेबलाशी डावीकडे. दादा, जेवायच्या टेबलाशी कुठल्या गाड्या येतात? मी तुझ्याकडे बघू नये म्हणून तू तिथे बसतोस. मला हे केव्हापासून माहीत आहे, फक्त बोलले नाही.

शुभ शुक्रवारी मी येते आहे. ऑपरेशन कर किंवा करू नकोस, मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही, आणि मला ते किती जड जाईल हे तुला ठाऊक आहे. फक्त त्या दिवशी माझ्या उजव्या बाजूला बस. एवढंच मागते.

तुझी,
ठकी

---

पुनरुत्थानाच्या सणानंतरचा दुसरा रविवार

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. ओळी वाकड्या आल्या तर समजून घे. डॉक्टरीणबाईंनी थोडंच लिहायची परवानगी दिली आहे आणि वहिनी पहाऱ्याला उभी आहे.

ऑपरेशन नीट झालं. डावा गेला तो गेलाच. उजव्याची जेवढी नजर उरली होती तेवढी वाचली. राखेच्या बुधवारी केलं असतं तर जास्त वाचली असती, असं त्या म्हणाल्या. तो माझा हट्ट, तो आता माझ्यासोबत राहील. रफूचं काम मात्र सुटलं. काल सुया आणि दोऱ्यांची रिळं शेजारच्या शिंप्याला देऊन टाकली. वहिनी आत जाऊन रडली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. हातांना काय करावं ते कळत नाही.

शुभ शुक्रवारचं तुला सांगायचं राहिलं. चर्चच्या बाकावर मी तुझ्या उजवीकडे येऊन बसलो. तू मान वळवून बघितलंस, आणि आता हिच्या चेहऱ्यावर ते दिसणार, अशी मी वाट बघत राहिलो. इतकी वर्षं ज्याला भ्यालो तो राग. तू विचारलंस की शर्टाचं बटण भलत्याच काजात का लावलं आहेस, आणि तिथेच ते नीट लावून दिलंस. पुढचं प्रवचन मी ऐकलं नाही.

ठके, डावीकडून मला तुझा तो गेलेला एकच डोळा दिसायचा. जन्मभर मी तेवढाच बघत आलो. तुझा उजवा डोळा अगदी आईसारखा आहे, हे मला माहीतच नव्हतं. हसताना तो आधी बारीक होतो. मी तुला बघतच नव्हतो, मी माझंच पाप बघत बसलो होतो, आणि त्याला पश्चात्ताप म्हणत होतो.

त्या दिवशी सर्वांच्या क्षमेसाठी प्रार्थना झाली तेव्हा मी आमेन म्हणालो. हळूच म्हणालो, तुला ऐकू गेलं नसेल. ते माझ्यासाठी होतं. क्षमा पूर्ण घेता आली आहे असं म्हणणार नाही, पण दारातून आत आणली आहे.

कडेचं आता मला दिसत नाही, समोरचं तेवढं दिसतं. तुला बघायचं तर ना डावीकडे बसून चालेल ना उजवीकडे. टेबलाशी माझ्या समोर तुझी खुर्ची मांडून ठेवली आहे. सुट्टी मिळाली की ये. तुझा लोभ आहे तो आता मी घेतो आहे, तू देत राहा.

तुझा,
दादा