एक्केचाळीस नंबर

१२ जून
सापडला! अडीच वर्षं ह्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतेय, आणि तो माझ्या पाठीमागच्या फ्रीजरमध्येच बसलेला. बर्फ खरवडताना पेटी बाहेर काढली. चार नळ्या, नंबर एक्केचाळीस. चिठ्ठीवर — पुरुष वॉर्ड, खाट नऊ, पायाची जखम. तारीखही तीच. ह्यांचा पाय गुडघ्यातून कापला तो दिवस. आधी बोटं, मग घोटा, मग गुडघा. तेविसाव्या दिवशी हे गेले. हिरवा पू, सडक्या द्राक्षांसारखा गोड वास — अजून द्राक्ष तोंडात घालवत नाही.

हे गेले. तो जंतू थंडीत आरामात झोपलाय, हरामखोर!

१३ जून
जेवले नाही.

१६ जून
प्रयोगशाळेच्या मॅडमना विचारलं, ह्या जंतूला जपून कशाला ठेवलंय? जुन्या बाजारातली पुस्तकं आणून मी वाचते हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून नीट सांगतात. "मावशी, ह्याला एकही औषध लागू पडत नाही. सहा हजार जनुकं आहेत त्याची. एकेक बंद करून बघतोय. जिच्यावाचून हा मरेल, ती ह्याची मानगूट. मग तिथेच आवळणारं औषध शोधायचं."

शिपाईकाका म्हणाले, "सहा हजार! तोवर माझं पेन्शनही संपेल." सगळे हसले. मी नाही.

२० जून
दुपारी सगळे जेवायला गेले. चारही नळ्या काढल्या. तीन वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये टाकल्या. चौथी मुठीत धरून वितळवली. हातमोजे काढून ठेवले — उघड्या हातांनी मारायचा होता. मोरीत दस्त्याने ठेचला. हा बोटांसाठी. हा घोट्यासाठी. हा गुडघ्यासाठी! काच उजव्या तळहातात घुसली, कळलंसुद्धा नाही. कुकर फुसफुसत होता, मला वाटलं तो किंचाळतोय. किंचाळ, मेल्या!

घरी येऊन गाढ झोपले.

२१ जून
मॅडम रिकामी पेटी मांडीवर घेऊन फरशीवर बसल्या होत्या. "मानगूट सापडली होती हो, मावशी. परवाच. पण मूळ जंतूवर पुन्हा करून दाखवल्याशिवाय कोण मानणार?" काका स्वतःलाच शिव्या देत होते — पेटी मीच कुठे टाकली असेन, म्हातारा झालो!

मी हात पदराखाली घेऊन उभी.

ह्यांचा पाय फुकट गेला. मी घालवला.

२२ जून
हात ठणकतोय. ताप.

२३ जून
सकाळी पट्टी सोडली. हिरवं. तोच गोड वास. तडक मॅडमकडे गेले, हात टेबलावर ठेवला. म्हटलं, "नळ्यांतला मी मारला. पण हा उरलाय. आधी ह्यातला काढून घ्या, मग दवाखान्याचं बघू."

डाव्या हाताने लिहितेय. नव्या नळीवर नंबर तोच. चिठ्ठीवर — स्त्री वॉर्ड, खाट चार, हाताची जखम.