खुनी कोण ते सूत्रधार सांगतो

आश्विन व. ८, ठाणे
दिवसभर कोर्टात नकला करून मान धरली. घरी येऊन नाटकाचा शेवटचा अंक संपवला. इंग्रजी कादंबरीतल्या साहेबाचे इनामदार केले, त्याच्या चहाचा वैद्याचा काढा केला. इनामदाराला विष घालणारा त्याचाच भला वैद्य, हे पाचव्या अंकापर्यंत कोणाला कळता कामा नये. सगळे नाटक त्यावर उभे आहे.

आश्विन व. १२
आगगाडीने कल्याणला, तालमीस. नाना नाटक मंडळीचे मालक, सूत्रधारही तेच. नांदीनंतर सूत्रधार नटीला कथा सांगतो, ती कुठे आहे म्हणाले. मुद्दाम गाळली, म्हटले.
"अहो, कोण कोणाला मारतो ते ठाऊक नसेल, तर लोक बघतील काय?"
तासभर वाद. शेवटी 'बरं' म्हणाले. फार थकलो.

कार्तिक शु. ४
कल्याणास पहिला खेळ. सौ. बायकांत बसली होती. नटीने विचारले, आज खेळ कोणता? नानांनी खणखणीत आवाजात साऱ्या मांडवाला सांगून टाकले, वैद्य विष घालतो म्हणून! वर्षाची मेहनत पाण्यात. पडद्याआड डोके धरून बसलो. रडू येत होते.
दुसऱ्या अंकात इनामदाराने काढ्याची वाटी उचलली, तोच मागून एक म्हातारा उठला. "अहो, पिऊ नका तो!" मांडव चिडीचूप. नट बिचारा वाटी धरून तसाच उभा.
नाना मागाहून ओशाळून म्हणाले, नटीने विचारले की तोंडातून आपसूक येते, जन्माची सवय.

कार्तिक शु. ६
ठाण्यात टेंभी नाक्याला मांडव घालताहेत, पुढचा खेळ इथेच. नानांचे म्हणणे, कथा सांगणारच, हवी तर तुमच्या शब्दांत लिहून द्या. नाटक परत मागावे असे मनात होते. सौ.ला तसे बोललो.
ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आधी कळलं नसतं, तर त्या वाटीकडे मी बघितलंही नसतं."
कोणी बघू नये म्हणूनच तर तो प्रवेश इतका साधा लिहिला होता. तोच माझा अभिमान.
उद्या नानांना कळवायचे आहे. कागदावर नटीचा प्रश्न लिहिला, आज खेळ कोणता? त्याखाली 'सूत्रधार' हे नाव, एवढेच. दौत उघडीच आहे.