चोवीस घंट्यांची बरणी

बाबा, आज धंतोलीतल्या दवाखान्यातून एक बरणी घेऊन आलो. तुमाले दिली होती तशीच, मोठ्या तोंडाची. चोवीस घंट्यांची लघवी त्याच्यात जमा करायची अन् उद्या सकाळी नेऊन द्यायची. माही किडनी किती काम करून राहिली ते त्याच्यावरून समजते. मोरीत ठेवली. तुमी असते तर म्हटलं असतं, "पाह्यजो गा, लोणच्याच्या बरणीजवळ नको ठेवू!"

तुमचे पाय सुजले होते, पण हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाचे पाय कोणाले दिसते? मी तुमचा सूत फेकाचा धोटा लपवला, तुमी मले माराले उठले अन् उठताच मटकन खाली बसले, तवा दिसले. मी हसलो होतो. मंग दवाखाना, रक्ताची तपासणी, अन् ती बरणी. दुपार झाली तरी बरणीचं बूडही झाकलं नाई. तुमी मोरीतून बाहेर येता, मी आत डोकावतो, तुमी तोंड फिरवता. "भरती करतीन," तुमी म्हणता. "मंग माग कोण चालवन? तू?" आई गेल्यावर आपण दोघंच. मले माग येत नव्हता, शाळाही येत नव्हती, खोड्या तेवढ्या येत. तुमचा डोळा लागला अन् मी माही लघवी त्याच्यात टाकली. तीनदा. तुमाले भरती करू नये म्हणून, अन् थोडी गंमत म्हणूनही.

डागदर कागद पाहून म्हणे, "रक्त खराब सांगतंय, लघवीचा रिपोर्ट चांगला आहे. दोन्हीचा मेळ बसत नाही. महिन्यानं या, पुन्हा करू." तुमी 'चांगला' तेवढंच ऐकलं. गांधीबागेतून पायी आलो आपण. "पाह्य, तुह्या बापाची किडनी जवान हाये!" मी इतका हसलो की तुमीही हसाले लागले. महिना झाला, तुमी दवाखान्यात गेले नाई. मीही म्हटलं नाई, चला. दिवाळीच्या आधी तुमी मेले.

आजचा डागदर जवान पोट्टा हाये. म्हणे, विदेशात आत्ताच मोठ्या चुंबकाची नवी मशीन निघाली, माणसाले आत झोपवतात अन् न चिरता किडनी पाहतात. तिचं काम त्याच्यातच मोजता येते का, ते तिकडले लोक शोधून राहिले. मी इचारलं, "त्या मशीनले फसवता येते का?"

तो हसला. "तिला काय फसवता? पण आपल्याकडं सध्या बरणीच. इमानदारीनं भरा."

आता दिवस बुडाले आला. बरणी पावही भरली नाई. घरात मी एकटा. झोपलो तर चोरून आपलं टाकन असं कोणी नाई. ही चिठ्ठी कोणत्या पत्त्यावर टाकू? बरणीखाली ठेवून देतो. अन् एक सांगतो, बाबा. आत्ता मी बरणी नळाखाली धरली होती. नळ खोलला नाई.